समुद्रावरचे सत्र

खुर्च्या सरकायला लागल्या तेव्हा सर फळ्यावर लाटेचीच आकृती काढत होते. आधी पहिल्या रांगेतली एक रिकामी खुर्ची, बाहेरून कुणी हाक मारल्यासारखी, दाराकडे निघाली. तिच्या मागोमाग दुसरी. मग वर्गच्या वर्ग डावीकडे कलला आणि सगळ्या पोरापोरींनी एकदम "ओऽऽऽ" असा सूर लावला.

मागच्या रांगेतल्या मावशींनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. त्यांना इतके हसू फुटले की डोळ्यांना पाण्याची धार लागली. साठीला टेकलेल्या बाईने भर वर्गात असे खिदळणे शोभत नाही, हे त्यांना कळत होते. पण हसू काही शोभेला विचारून येत नाही.

"मावशी, मळमळतंय का?" शेजारच्या मुलीने विचारले.

"छे गं! मजा येतेय."

"लक्षात ठेवा," सर एका हाताने फळा धरून सांगत होते, "लाट पुढे जाते, पण पाणी पुढे जात नाही. पाणी जागच्या जागीच वर, खाली, वर..." तिसऱ्यांदा 'खाली' म्हणेपर्यंत त्यांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा झाला होता. हातातले पेन ठेवून ते भिंत चाचपत बाहेर पडले. समुद्र शिकवणाऱ्या माणसाला समुद्र लागतो, म्हटल्यावर पोरांना रान मोकळे मिळाले.

ते जहाज म्हणजे एक तरंगते कॉलेजच होते. एक पूर्ण सत्र जहाजावर काढायचे, समुद्रात असताना तास आणि परीक्षा, बंदर लागले की उतरून नवा मुलूख बघायचा, आणि शेवटी निघालो तिथेच परत यायचे, असा तो सगळा बेत. मुले देशोदेशीची, अठरा ते बावीस वयाची. त्यांच्यात एकट्या मावशी पिकल्या केसांच्या.

सर गेल्यावर पोरे सरकत्या खुर्च्यांवर बसून शर्यत लावू लागली. मावशी मात्र उठून मागच्या टेबलाकडे गेल्या. तिथे सकाळी समुद्राचे पाणी तपासलेल्या काचेच्या बाटल्या आपटत होत्या. एकेक बाटली उचलून त्यांनी रिकामी केली, बेसिनशी नेऊन विसळली आणि खोक्यात पालथी घातली. तोंड पुसत सर परत आले तेव्हा त्या शेवटची बाटली उजेडात धरून बघत होत्या.

"हे काय करताय तुम्ही?"

"धुवून ठेवतेय सर. फुटल्या असत्या."

"त्याला माणूस आहे आपल्याकडे."

"माहितेय मला. जन्मभर तो माणूस मीच होते."

सरांना हसू आले, पण त्यांनी ते गिळले. "इथे नाही आहात. जागेवर बसा. आणि तुमचं पान कोरं का? तासभर काय लिहिलंत?"

मावशी मुकाट्याने जागेवर जाऊन बसल्या. अभ्यासावरून त्यांना कुणी रागावल्याला चाळीस वर्षे होऊन गेली होती. त्यांना आतून गुदगुल्या झाल्यासारखे वाटले.

मावशी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. पोरे त्यांना 'लॅबवाल्या मावशी' म्हणायची. सकाळी शाळा भरायच्या आत परीक्षानळ्या, दिवे, चिमटे टेबलावर मांडून ठेवायचे, आणि तास संपला की सगळे धुवून पुसून कपाटात. मधला तास त्यांचा नसे. शिक्षिका नळीत थेंब टाकायच्या, पाणी एकाएकी निळे व्हायचे, पोरे टाळ्या पिटायची. मावशींना तो निळा रंग पोरांच्या डोक्यांच्या फटीतून जेवढा दिसेल तेवढाच. त्या स्वतः कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची नजर गेली आणि शाळेतली ही नोकरी चालून आली. पुढे लग्न, लेक, नवऱ्याचे आजारपण, मग नवऱ्याशिवायचा संसार, लेकीचे शिक्षण. एकातून दुसरे निघत गेले. आपले काही राहून गेले, असे त्या कधी बोलल्या नाहीत. बोलायला सवड लागते.

निवृत्तीच्या वर्षी शाळेच्या फलकावर या जहाजाचे भित्तिपत्रक लागले. प्रयोगशाळेला कुलूप लावताना ते रोज समोर यायचे. निळा समुद्र, पांढरे जहाज, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'वयाची अट नाही'. ती ओळ मावशींच्या मनात माशीसारखी घोंगावत राहिली. शेवटी त्यांनी अर्ज केलाच.

लेक तेव्हा पोटुशी होती. "आई, तुला काय वेड लागलंय का?" ती म्हणाली. "गुडघे दाखवून घे, घराला रंग दे, कर काहीतरी माणसांसारखं. कॉलेजात जायचं वय आहे का तुझं?"

"जायचं वय होतं तेव्हा गेले नाही ना."

लेकीने बोटांवर महिने मोजले. जहाज परतणार आणि मग पंधरा-वीस दिवसांनी बाळंतपण. "तोवर येशील ना नक्की? सांग बघू."

"येईन गं बाई. जहाज आहे, बैलगाडी नाही."

जहाजावर मावशींच्या वाट्याला खोली आली ती त्याच शेजारच्या मुलीबरोबर. ती मुलगी एका जागी दोन मिनिटे बसत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. खोली कसली, कपाटच. एकावर एक दोन पलंग, एक खुर्ची, गोल खिडकी. भिंगरीच्या डबे-बाटल्यांनीच अर्धी जागा खाल्ली होती.

"मी तुम्हाला काय म्हणू?" तिने पहिल्याच दिवशी विचारले. "आजी?"

"आजी म्हणालीस तर खालचा पलंग माझा, भांडण नाही. मावशी म्हणालीस तर नाणं उडवू."

भिंगरीने क्षणभर विचार केला. "मावशी," ती म्हणाली. नाणे उडवले, आणि मावशींना वरचा पलंग लागला. शिडी चढून वर जाताना गुडघे कुरकुरले, पण वर पोचल्यावर गोल खिडकीतून थेट पाणीच पाणी दिसले. भिंगरीने नंतर दहादा अदलाबदलीचा विषय काढला. मावशींनी दाद दिली नाही.

पहिले बंदर लागले त्या दिवशी तर त्यांनी कहरच केला. जहाजाचा नियम कडक. ठरलेल्या वेळेनंतर जो कुणी शिडीशी पोचेल, त्याने पुढच्या बंदराला जहाजावरच बसून राहायचे. मावशी, भिंगरी आणि भिंगरीच्या चष्मेवाल्या मित्राने दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या. एका दुकानात जुनी होकायंत्रे होती, ती मावशींनी एकेक हातात घेऊन फिरवून बघितली. परतीला चष्मेवाल्याने छातीठोकपणे बस पकडून दिली. ती बस समुद्राकडे न जाता डोंगराकडे निघाली, हे कळायला दोन थांबे गेले.

"उतरा!" भिंगरी किंचाळली. "उतरा, उतरा, उतरा!"

मग जी पळापळ झाली! उताराचा रस्ता, फरसबंदी ओली. मावशींनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी सुटल्या. मागून चष्मेवाला धापा टाकत "थांबा, माझ्या पोटात दुखतंय" म्हणत होता. दुकानदार दारात येऊन बघत होते. एकाने तर टाळ्या वाजवून त्यांना जोर दिला. धक्क्याच्या फाटकातून तिघे आत शिरले तेव्हा जहाजाचा भोंगा वाजला, आणि शिडीपाशी उभा असलेला पहारेकरी घड्याळात बघत म्हणाला, "जेमतेम!"

मावशी शिडीच्या लोखंडी पायरीवरच बसल्या. छाती भात्यासारखी चालली होती. तळपाय काळेकुट्ट झाले होते.

"मावशी, तुम्ही पळता कसल्या!" भिंगरी वाकून गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली.

"शाळेची पहिली घंटा कधी चुकवली नाही मी."

ते सगळे त्यांनी लेकीला फोनवर रंगवून सांगितले. पलीकडून लेक म्हणाली, "आई, पडली असतीस म्हणजे? तिथे कोण होतं तुझं?"

"होते की दोघं जण."

"मला इथे जिना चढवत नाही आणि तू पळतेयस," लेक म्हणाली. ती हसत म्हणाली की रागाने, ते मावशींना कळले नाही. फोनचा आवाज तुटत होता.

जहाज खोल पाण्यात शिरले आणि सरांनी जाळे बाहेर काढले. लांबलचक मोज्यासारखे, रेशमाच्या विणीचे जाळे, तळाशी बाटली. सकाळी जहाजाचा वेग कमी करायचे, तेव्हा ते मागे सोडायचे आणि थोड्या वेळाने ओढून घ्यायचे. पाण्यात तरंगणारे जीव त्या बाटलीत जमा होतात, डोळ्यांना नीट दिसतसुद्धा नाहीत असे.

"जो जाळं ओढेल त्याने पहिलं बघायचं," सरांचा नियम.

त्या सकाळी दोर मावशींच्या आणि भिंगरीच्या हातात होता. वारा असा की बोललेले तोंडातच परत यायचे. ओला दोर तळहात सोलून काढत होता. जाळे वर आले, बाटली सुटली, थेंब काचेवर पडला, काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. आणि मावशी सवयीने दोन पावले मागे सरून उभ्या राहिल्या.

"मावशी, कुठे चाललात? पुढे व्हा."

"तू बघ आधी."

"दोर तुम्ही ओढलात, मी नुसती लटकले होते," भिंगरीने त्यांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलेच.

मावशींनी डोळा लावला. आधी नुसताच पांढरा उजेड. मग त्यांनी चाक हळूच फिरवले, आणि उजेडाच्या मधोमध एक जीव उभा राहिला. काचेचाच घडवल्यासारखा, आरपार. आतले अन्नसुद्धा दिसत होते. डोक्यावर दोन लांब मिशा, शेपटाला पिसे, आणि कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा. त्याने मिशा झटकल्या आणि टुणकन उडी मारली.

"अगं!" मावशी ओरडल्या. "अगं, हा उडी मारतो! हा बघतोय माझ्याकडे!"

अख्खा वर्ग धावत आला. रांग लागली, ढकलाढकली झाली. पण मावशी काही स्टूल सोडेनात. "थांबा रे, थांबा, अजून एक दिसतोय. ह्याच्या पोटाखाली अंडी आहेत. पिशवीच आहे पिशवी!" सर मागे उभे राहून म्हणाले, "असू द्या, बघू द्या त्यांना." त्या दिवशी त्या जेवायला गेल्या तेव्हा एका डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. कुणी हटकले की म्हणायच्या, "मार खाल्ला समुद्राचा."

मग मावशींनी आणि भिंगरीने मिळून प्रकल्प घेतला. परतीचा मोठा समुद्र ओलांडताना रोज सकाळी जाळे सोडायचे, आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यापासून भर समुद्रापर्यंत कोणकोणते जीव कमी होतात, कोणते वाढतात ते बघायचे. शेवटी सगळ्यांसमोर उभे राहून ते मांडायचे, त्यावर गुण. मावशी झोपेतसुद्धा त्या जिवांची नावे बरळायला लागल्या. खालून भिंगरी पलंगाला लाथ मारायची.

परतायला महिनाभर उरला असताना, जहाजाच्या कचेरीतली मुलगी प्रयोगशाळेच्या दारात आली. "तुमचा फोन आहे. घरून. लवकर चला."

जहाजावर घरून फोन येतो तो कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होते. मावशी तशाच ओल्या हातांनी निघाल्या.

"आई, घाबरू नका," जावई पहिल्यांदा तेच म्हणाला. "दोघी बऱ्या आहेत. मुलगी झाली. लवकर झाली, वजन कमी आहे म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय, पण डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. थोडे दिवस लागतील."

मावशींना खुर्ची दिसली, त्या बसल्या. मग फोनवर लेकीचा आवाज आला, खोल विहिरीतून आल्यासारखा. "आई."

"बोल गं, माझी बाय."

"तू ये. परवा बंदर आहे ना तुमचं? तिथे उतर आणि ये."

"येते," मावशी म्हणाल्या. दुसरे काही त्यांच्या मनातसुद्धा आले नाही.

त्या कचेरीतून बाहेर पडायच्या आत बातमी जहाजभर झाली होती. मुलांनी घेराव घातला. "मावशी आजी झाल्या!" म्हणत त्यांना उचलायचा प्रयत्न झाला, तो त्यांनी हाणून पाडला. स्वयंपाकघरातून भलामोठा केक आला. चष्मेवाल्याने गाणे म्हटले, ते इतके बेसूर होते की मावशींना हसू आवरेना. खूप मजा झाली. पण केक कापताना त्यांच्या ध्यानात आले, की हे सगळे आपल्याला निरोप देताहेत. सरांनीही हळूच बाजूला घेऊन सांगितले, "परवाचं बंदर शेवटचं. त्यानंतर थेट घरच. उतरलात तर सत्र पूर्ण धरता येणार नाही, हे तुम्हाला सांगणं माझं काम आहे. पण उतरू नका असं काही मी म्हणणार नाही."

"नाही सर. जायलाच हवं."

सामान भिंगरीने भरले. घड्या घालायची तिची पद्धत म्हणजे चुरगळून कोंबणे. आज मात्र ती एकेक कपडा मांडीवर सारखा करत होती, आणि चक्क गप्प होती.

"जाळं तू एकटी नको ओढूस," मावशी म्हणाल्या. "चष्मेवाल्याला घे."

"मी नाही करणार प्रकल्प."

"का?"

"नाही करणार म्हणजे नाही करणार!" भिंगरीने कपडा आपटला. मग नाक ओढून म्हणाली, "तुम्ही जायलाच हवं. मला कळतं. माझी आईसुद्धा अशीच आली असती. माझ्यासाठी तिने नोकरी सोडली, गाणं सोडलं, सगळं सोडलं. आणि रोज जेवताना ते वाढते ताटात."

त्या रात्री वरच्या पलंगावर मावशींचा डोळा लागला नाही.

बंदर लागले. मावशी बॅग घेऊन शिडी उतरल्या. पोरांनी कठड्यावर गर्दी करून हात हलवले. धक्क्याच्या टोकाला उतारूंसाठी एक शेड होती, बाकडी मांडलेली. विमानतळाकडे नेणारी गाडी यायला वेळ होता. त्या बसल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"निघालीस?" लेकीचा आवाज आज जरा सावरल्यासारखा वाटला. 

"बाळ कसं आहे?"

"दूध प्यायला लागलीय. नळी काढली काल."

"आणि तू? टाके दुखतात का?"

"दुखतात. पण चालवतात मला. सासूबाई सोडत नाहीत. चोवीस तास इथेच आहेत, रात्री झोपतसुद्धा नाहीत बिचाऱ्या."

"चांगलं आहे गं." मावशींनी समोर पाहिले. जहाजाच्या मागच्या टोकाला कुणीतरी जाळे वाळत टांगत होते, पांढरे, वाऱ्याने फुगलेले. आत्ता जी ओढ लागली ती नातीची नव्हती, हे त्यांना लख्ख कळले. त्या स्वतःलाच घाबरल्या. "ऐक," त्या म्हणाल्या. "बाळाला डॉक्टर बघताहेत. तुला सासूबाई बघताहेत. मी आले तर काय करेन?"

"म्हणजे काय? तू जवळ असशील."

"हो. जवळ असेन. मला यायचंय गं, तिला बघायचंय, तुझ्या डोक्यावरून हात फिरवायचाय. पण मला इथेही राहायचंय. एक महिना. मग आयुष्यभर आहेच मी तिथे."

"तिथे काय आहे असं, आई?"

मावशींनी शब्द शोधले. लाल डोळ्याचा जीव, वरचा पलंग, सरांचे रागावणे, हे फोनवर कसे सांगणार? "माझा वर्ग आहे," त्या म्हणाल्या.

"मी मरतामरता वाचले आणि तुला वर्ग आहे."

"तसं म्हणू नकोस."

"राहा मग," लेक म्हणाली. "राहा तू." फोन बंद झाला.

गाडी आली, तिने हॉर्न वाजवला. मावशी उठल्या, चालकाला हात जोडून 'नको' म्हणाल्या. मग बॅग उचलून धक्क्यावरून उलट चालू लागल्या. अर्ध्या वाटेत कठड्यावरून कुणाला तरी त्या दिसल्या. आधी एक आरोळी, मग दहा, मग सगळ्या कठड्यावर धुमाकूळ. भिंगरी शिडीवरून अशी काही सुटली की पहारेकरी "पडशील! पडशील!" ओरडत राहिला. तिने मावशींना मिठी मारली, बॅगसकट.

"काय झालं? विमान चुकलं?"

"नाही. मीच चुकवलं," मावशी म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर घळाघळा रडल्या. 

मग तो मोठा समुद्र. रोज पहाट फुटली की दोघी दोरापाशी. मासे उडायचे पाण्यावरून, रुप्याच्या चिंध्या फेकल्यासारखे. किनारा मागे पडला तसे बाटलीतले जीव कमी झाले, पण जे होते ते असे अजब, की एकेकापायी नाश्ता बुडायचा. एकदा तर नुसती निळी फुलेच फुले निघाली, जिवंत, फिरणारी. मावशींनी सरांना झोपेतून उठवून आणले. लेक फोन घेत नव्हती. जावई मात्र कचेरीच्या ई-मेलवर फोटो पाठवायचा: पेटीतून बाहेर आलेली, घरी आलेली, जांभई देणारी. मावशी ते फोटो छापून घेऊन पलंगाच्या कडेला चिकटवायच्या. सकाळी उठल्या की आधी तिथे नजर जायची आणि छातीत काहीतरी लचकायचे. मग त्या शिडी उतरून दोर धरायला जायच्या. दोन्ही खरे होते, आणि एकाने दुसरे पुसले जात नव्हते.

प्रकल्प मांडायच्या दिवशी सभागृह भरले होते. मावशी उभ्या राहिल्या आणि पहिलेच वाक्य उलटे बोलल्या. हशा पिकला. त्याही हसल्या. मग काय झाले कुणास ठाऊक, पण तोंड सुटले ते सुटलेच. उडी मारणारा जीव सांगताना त्यांनी व्यासपीठावर स्वतः उडी मारून दाखवली. वेळ संपल्याची घंटा दोनदा वाजली तरी त्यांनी ऐकली नाही. सरांनी तीन प्रश्न विचारले. एकाचे उत्तर आले, एकाचे भिंगरीने सावरले, एकाचे दोघींनाही आले नाही.

संध्याकाळी फलकावर श्रेणी लागल्या. भिंगरी पाय आपटत आली. "ब! फक्त ब! वेळ पाळली नाही म्हणून कापले. मी सांगत होते तुम्हाला!"

"काय मिळालं?"

"ब, मावशी, ब."

"ब मिळाला?" मावशींनी तिचे दोन्ही हात धरले. "अगं, मला ब मिळाला!" आणि त्यांनी भिंगरीला तिथल्या तिथे अशी गरगर फिरवली, की येणारे-जाणारे वाट सोडून उभे राहिले.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडे गेल्या. दार विहीणबाईंनी उघडले. बाई कामाला वाघ, खांद्यावर बाळ, हातात दुधाची बाटली, तरी म्हणाल्या, "या, या, बसा." लेक आतून आली. अंगाने सुकली होती. मावशींनी तिला जवळ घेतले, तेव्हा ती जवळ आली, पण हात तिने खालीच ठेवले.

मावशींनी बाळ घेतले. केवढेसे तोंड, कपाळ थेट लेकीचे. बाळाने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले आणि टाहो फोडला. त्यांनी डोलवले, थोपटले, सूर लावून बघितला. ते लालबुंद झाले.

"द्या इकडे," विहीणबाई म्हणाल्या, सहजच. "तिला आडवं नाही चालत, उभं लागतं." त्यांच्या खांद्यावर जाताच बाळ गप्प झाले आणि त्यांच्या मानेत तोंड खुपसून झोपले.

"चहा घेणार ना, आई?" लेकीने विचारले.

लेकीच्या घरी आईला चहा विचारला जातो, तेव्हा काय समजायचे ते मावशी समजल्या. "घेईन की," त्या म्हणाल्या.

लेक आत ओट्याशी गेली. मावशींनी आजूबाजूला पाहिले. कोपऱ्यात धुतलेल्या दुपट्यांचा ढीग पडला होता. त्या उठून तिथे जमिनीवर बसल्या आणि घड्या घालू लागल्या. मऊ, बारीकबारीक दुपटी. एकाला दुधाचा पिवळट डाग, एकाचा कोपरा उसवलेला. हे सगळे त्यांच्याशिवाय धुतले गेले होते, वाळले होते, पुन्हा ओले झाले होते. विहीणबाई बाळाला घेऊन खिडकीशी येरझाऱ्या घालत होत्या. आधण उकळायला लागले.

"जहाजावर कपडे कुठे वाळत घालायचीस?" ओट्याकडे तोंड करूनच लेकीने विचारले.

मावशींचे हात थांबले, पण क्षणभरच. "आत, खोलीतच. बाहेर नाही घालू देत. एकदा आम्ही गुपचूप घातले कठड्यावर, तर माझ्या मैत्रिणीचा मोजा गेला उडत समुद्रात."

लेक वळली नाही. हातातला चमचा मात्र तिने आधणात फिरवायचा थांबवला होता.

"मग?" ती म्हणाली.

मावशींनी पुढचे दुपटे उचलले, मांडीवर ठेवून सारखे केले, आणि त्या सांगू लागल्या.